एक्क्याण्णव टक्के

...बरं, मी मागितलं होतं का हे काम? एकतीस वर्षं विमानाच्या पोटाखाली उताणा पडून काढली मी, हातात टॉर्च, कपाळावर ठिबकणारं तेल, आणि आमच्या प्रशिक्षण संस्थेच्या संचालकांनी मला बोलावून काय म्हणावं? "टॉर्चवाले, आपण विमानविद्येत पीएचडी सुरू करतोय. अभ्यासक्रम तुम्ही आखा. मंजूर झाला तर पाच वर्षं विभागप्रमुख, नाहीतर मार्चअखेर निवृत्ती आहेच."

आता निवृत्ती म्हणजे घर. आणि बायकोने आधीच बजावलंय, "नळाचा वॉशर बदललात तर वहीत नोंद करून माझी सही मागायची नाही." सांगा, कसा जगेल माणूस? बसलो लिहायला.

पहिल्याच पानावर अडलो. पीएचडी म्हणजे काय, तर जगात कुणी केलं नाही असं काहीतरी नवीन! अहो, आमच्या धंद्यात नवीन काही करत नाहीत हो. पुस्तकात लिहिलेला बोल्ट, लिहिलाय तेवढाच पिळायचा. आमच्यातल्या एकाला जरा सोपी रीत सुचली होती... लायसन गेलं. हल्ली पंखे दुरुस्त करतो बिचारा. छताचे.

मग तुम्हाला सांगतो, मी रीतसर केलं. एका विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम मिळवला आणि तीन महिने बसून शब्द न् शब्द उतरवला, स्वल्पविरामासकट. सहकाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, पानोपानी दोघांच्या सह्या. त्यांच्या चौदाव्या पानावर चुकून पुन्हा तेराच आकडा पडला होता, मीही तेराच टाकला. आपण कोण सुधारणारे?

मंजुरी देणाऱ्या समितीत एक प्राध्यापकबाई. आवाज असा, की ताप मोजून सांगतायत. "सर, संगणकावर तपासलं. तुमचा मसुदा एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी एक्क्याण्णव टक्के जुळतो."

म्हटलं, "बाई, उरलेले नऊ कुठे चुकले? दाखवा, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो."

संचालक खिडकीबाहेर बघायला लागले. बाई म्हणाल्या, "सर, याला चोरी म्हणतात."

चोरी... एकतीस वर्षांत एक स्क्रू खिशातून घरी नेला नाही हो मी. डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला सांगू? नऊ टक्के वेगळं जोडलेल्या विमानात बसाल तुम्ही? आमच्या धंद्यात नवीन काही करत नाहीत हो, एवढंच म्हणायचं होतं मला.

पुढे काय व्हायचं? बाईंनी आठ दिवसांत नवाकोरा अभ्यासक्रम लिहिला. मंजूर. विभागप्रमुख बाई. मी घरी.

परवा त्यांची पहिली विद्यार्थिनी आली, प्रश्नावली घेऊन. विषय काय, तर अनुभवी तंत्रज्ञ नवीन काही का करत नाहीत. गोड मुलगी, चहाही घेतला. मग पेन काढून विचारते, "काका, एकतीस वर्षांत तुम्ही नवीन काय केलंत?"

पुष्कळ आठवून पाहिलं. म्हटलं, "काही नाही, पोरी."

"मग त्याचा परिणाम काय झाला?"

"सगळी विमानं खाली उतरली."

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "काका, याला रकानाच नाहीये."

म्हटलं, राहू दे. छापील कागदात आपल्या मनाने रकाना वाढवायचा नसतो.