दहापैकी दहा

...नाही, माझी तक्रार नाही हो, पण तुम्हीच सांगा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी आयुष्यातली पहिली कोरी गाडी घ्यायची आणि तिनं दर आठवड्याला मधेच मरून पडायचं, याला काय म्हणायचं? दिवे जातात, स्टिअरिंग दगडासारखं होतं, मागून लाकडं भरलेला ट्रक भोंगा वाजवत येतो, आणि शेजारी ओपल, माझी बायको... तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं असतं, चाळीस मैल, डोंगरापलीकडे. त्यासाठीच तर घेतली गाडी! वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. जशी काही झोप काढली!

चार वेळा दुरुस्तीला नेली. तिथे काउंटरवर शेल्बी म्हणून मुलगी. "आजोबा, आमच्याकडे तर छान चालली हो." मग हळूच, "घरी कंपनीचा फॉर्म येईल. दहापैकी दहा द्या हं. नऊ दिलेत तरी माझा बोनस कापतात." तिला दोन लेकरं, नवरा पळालेला... मी काय करणार, तुम्हीच सांगा! दिले दहा. 'दोष दूर झाला का?' पूर्णपणे. चारही वेळा!

ओपल म्हणाली, "एल्डन, अरे गाडी बंद पडते ना?"

"पडते. पण पोरगी गुणी आहे गं."

माझी तक्रार नाही हो, पण आमच्याकडे असल्या नासक्या नव्या गाडीला लिंबू म्हणतात, आणि लिंबाचा कायदाच आहे. तोच दोष पुन्हा पुन्हा दुरुस्त करूनही राहिला, तर कंपनीनं गाडी बदलून द्यायची. केला अर्ज. सुनावणीला कंपनीचा वकील, आणि निकाल द्यायला प्रूइट बाई. वकिलानं टेबलावर चार फॉर्म मांडले, पत्ते मांडावेत तसे.

"हे अक्षर तुमचंच?"

"हो साहेब."

"'पूर्ण समाधान. देव तुमचं भलं करो.' हेही तुमचंच?"

"...हो साहेब."

बाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही इथे आलात कशाला?"

म्हटलं, "बाई, मार्क मी शेल्बीला दिले... गाडीला नाही!"

बाई उठल्याच. "चला, चालवून दाखवा."

आता दिवस कुठला? डायलिसिसचा! ओपल मागे बसलेली, तिच्याशेजारी वकील, पुढे बाई. आणि गाडी? लोण्यासारखी! पाच मैल, दहा मैल... वकील शीळ घालतोय. मी मनात म्हणतोय, देवा, बंद पाड. लगेच म्हणतोय, नको रे देवा, हिचे हातपाय सुजलेत, उशीर नको. पुन्हा, पाडच बाबा. पुन्हा, नको... देवानं तरी ऐकायचं काय?

पुलाच्या मध्यावर दिवे गेले.

मागून भोंगा! बाई ओरडल्या, "चालू करा! अहो, चालू करा ना!" वकील तर दार उघडून पाय बाहेर टाकत होता, ओपलनं त्याचं मनगट धरलं. "बस रे बाळा. ट्रक डावीकडून जातो. रोजचाच आहे तो." ट्रक गेला. गाडी पाळण्यासारखी हलली. बाईंनी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून निकाल लिहायला घेतला.

त्या दिवशी पोचायला उशीर, म्हणून ओपलला डायलिसिसचं मशीन तासभर कमी मिळालं. रात्रभर धाप लागली. मी हात धरून बसलो होतो. ती म्हणे, "जिंकलास ना? मग झोप आता."

जिंकलो! माझी तक्रार नाहीच. कायद्याप्रमाणे परवा गाडी बदलून मिळाली. कोरी करकरीत. तीच कंपनी, तेच मॉडेल, रंगही तोच.

ओपलनं तिच्याभोवती एक चक्कर मारली, टपावर हात ठेवला, आणि म्हणाली, "एल्डन, मंगळवारपासून तासभर लवकर निघू या... हिलाही बंद पडायला वेळ नको का?"