बाभळीवरचा कचरा

आमचा तांडा फुलसावंगीहून दोन कोसावर, टेकडीच्या अंगाले. माह्या आजाच्या वक्ताले आम्हाले घरच नव्हतं म्हणा ना, बैलाईच्या पाठीवर मीठ-धान्य लादाचं अन् चालाचं, आज इथं उद्या तिथं. मोटारी आल्या, बैलाईचं काम गेलं, मंग माह्या बापानं टेकडीवर वावर काढलं अन् आम्ही शेतकरी झालो. पण बाप म्हातारा झाला तरी कुठंबी थांबला की आधी झाडं पाहे. मिठाच्या गोणी उतरवाच्या आधी नाल्याकाठचं झाड पाहाचं, हे आमच्या लोकाईची रीतच होती, कारण मीठ भिजलं त सारं गेलं. फांदीत वाळलं गवत, काड्याकुड्या अडकल्या असन त पुराचं पाणी तिथवर चढते, त्याच्या खाली गोणी उतरवाची नाही. मले लहानपणी बोट दाखवून शिकवलं त्यानं. म्हणजे मले माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, हे आधी लिहा बाई.

मी थावरा, तांड्याचा कारभारी. नायक मोठा, पण कोणाले कुठं जागा द्याची, कोणाचा तंटा कसा मिटवाचा, ते सारं माह्याकडं. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला ना, त्याच्या दुसऱ्या वर्षी माही चुलतबहीण धनकी आली. नवरा वारला होता, दोन पोरी, अन् तिच्या सासरकडची चार घरं संगं. तिकडच्या विहिरी आटल्या होत्या. नायक म्हणे, थावरा, तुह्या वावराच्या वरचा माळ हाये, तिथं बसव त्याईले. त्या माळावर मी तूर पेरत होतो. काय सांगू तुम्हाले, पीकबी धड येत नव्हतं तिथं, पण माह्या तोंडातून निघालं, वर कायले, खाली नाल्याजवळ सपाट जागा हाये, बायाईले पाणी जवळ पडन. हे खोटं नव्हतं बाई. खोटं नव्हतं म्हणूनच त इतकं सोपं निघालं.

मंग ते लोकं येणार त्याच्या आदल्या दिवशी मी खाली गेलो. दोन बाभळी अन् एक पळस. माणसाच्या डोक्याच्या हातभर वर, फांद्याईत जुना कचरा अडकून होता. मी विळा घेतला अन् काढत बसलो. पळसावर त चढलो. बायको भाकर घेऊन आली, म्हणे, काय करून राह्यले? म्हटलं, जागा साफ करून राह्यलो. म्हणे, मंग भुई साफ करा ना, झाडावर कोण राहणार हाये, वांदरं? ते हासली. मीबी हासलो. कचरा जमा करून पेटवून देल्ला.

धनकी बंडीतून उतरली. तेबी आमच्याच घरची पोरगी, उतरल्याबरोबर तिनं मान वर केली. या बाभळीकडं पाह्यलं, त्या बाभळीकडं पाह्यलं. म्हणे, भिया, इथं पाणी येते काय रे? मी म्हटलं, झाडच पाह्य ना तू. तिनं पाह्यलं. झाड साफ होतं.

मंग चार पावसाळे काही झालं नाही. मलेच वाटाले लागलं का जुना कचरा होता, बापाच्या वक्ताचा असन. धनकी चेष्टा करे, भिया, तू वर डोंगरात बसून पाणी भरतं, अन् मी राणीवाणी दारात भरतो. त्याच चार वर्षांत वरचं जंगल आम्ही तोडलं, सागवान गेलं, वावरं झाली, नाल्याचा काठबी नांगरला. पह्यले पाणी हळूहळू उतरे, आता पाऊस पडला का एकदमच खाली येऊ लागलं.

पाचव्या वर्षी श्रावणात, सकाळचीच येळ, चुली पेटल्या होत्या. नाल्याचा आवाज आला अन् पाणी घरात. सारे पळत माह्या माळावर आले. धनकीची मोठी पोरगी रूपली, नऊ वर्षांची, तेबी आलती वर. पण बकरीचं पिल्लू बांधून राह्यलं म्हणून ते मांगं फिरली. कोणाले दिसलीबी नाही.

रूपली दुसऱ्या दिवशी सापडली, दोन वावरं सोडून खाली. पाणी उतरलं, मी बाभळीपाशी गेलतो. फांदीत नवा कचरा अडकला होता. बरोबर तिथंच, जिथून मी काढला होता.

तिसऱ्या दिवशी पुसदहून गाडी आली, जवारी, चादरी, कपडे घेऊन. शहरातल्या बायाईनं धनकीले लुगडं देल्लं. आमच्यात घागरा घालतात, लुगडं तिले माहीत नाही. ते त्याईले विचारते, बाई, हे कोणत्या टोकापासून चालू कराचं? त्या बाया हासल्या, अन् मंग त्याईलेच रडू आलं. त्या लुगड्याचा तिनं आडोसा केला, सासू झोपे तिथं. गाडीसंगं आलेल्या साहेबानं मले विचारलं, कारभारी, इतकं पाणी आलं कशानं? मी साऱ्याईच्या पुढं होऊन म्हटलं, आभाळच फाटलं साहेब. तो म्हणे, जंगल तोडलं तुम्ही, नाला नांगरला, म्हणून. मी म्हटलं, हो साहेब, तेबी खरं. साऱ्या तांड्याचा दोष निघाला का बरं वाटते बाई, आपल्या वाट्याले थोडासाच येते.

मंग साहेब म्हणे, यांच्या घरांसाठी उंच जागा पाह्यजे. मी माळ देल्ला. लगेच देल्ला. साहेबानं साऱ्या लोकाईपुढं माह्या खांद्यावर हात ठेवला, म्हणे, असा माणूस गावोगावी पाह्यजे. अन् धनकी माह्या पाया पडली. पोरगी जाऊन आठ दिवस नव्हते झाले, अन् ते म्हणते, भिया, तू होता म्हणून आम्हाले ठाव भेटला. तव्हाच बोलाचं होतं.

आमच्यात दिवाळीच्या अमावस्येले, दिवस बुडला का कुवाऱ्या पोरी हातात दिवा घेऊन दारोदार जातात अन् मोठ्याईले आशीर्वाद देतात. हो, पोरी देतात, आम्ही घेतो. धनकीची लहान पोरगी सोनी साऱ्याईच्या आधी माह्या दारी येते, मायनं सांगितलं म्हणून. अन् मी त्या येळी घरी राहत नाही. बैल पाहाले जातो म्हणून वावरात जाऊन बसतो. बायको म्हणते, बैल काय दिवाळीलेच हरपतात काय? पाच दिवाळ्या झाल्या.

तुम्हाले कोणी तरी सांगितलं असन का ज्यानं माळ देल्ला त्या थावराले भेटा, म्हणून त तुम्ही आल्या. माळाचं नका लिहू. लिहाचं असन त विळ्याचं लिहा. मले वाचता येत नाही, अन् तोंडानं तिच्यापुढं निघत नाही, आज तुमच्यापुढं निघालं कारण तुम्ही मधात काही बोलल्या नाही. लिहून झालं का आधी धनकीले वाचून दाखवजा. मी तिथंच बसतो, उठून जाणार नाही. मंग या दिवाळीले मी घरीच राहीन, दार उघडं ठेवीन. तिनं सोनीले धाडलं त धाडलं. नाही धाडलं त तेबी तिचं बरोबरच हाये.