सासूबाईतला स

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं, तिरोड्याच्या अंगाचं. जात पोवाराची, वाडवडील माळव्यातून आले म्हनतेत, मी काही पाहाले गेल्लो नाही जी, पन धानाची बांधी अन् आमी, पिढ्यानपिढ्या एवढंच. त्या बांधीतून मी कसा निसटलो अन् माईक-भोंग्याच्या मांगं कसा लागलो, हे माह्या बाले मरेपर्यंत समजलं नाही. तो म्हने, अबे, चिखल सोडून वायरी कायले गुंडाळून राहिला? मी म्हनो, बाबा, बैल आयकत नाही, वायर आयकते. बोलाले मी पयलेपासूनच तिखट.

हा धंदा मले शिकवला गोंदियाच्या एका उस्तादानं. बोले हिंदीत, पान खाये, अन् शिव्या मात्र मराठीत दे. तो म्हने, ये हॅलो चेक, हॅलो चेक छोड दे, उसमें कुछ पता नहीं चलता, सासूबाई बोल. काऊन? त सासूबाईत स हाय, बारीक, तो सुईवानी टोचला का समजाचं वरचा आवाज जास्त झाला, ट्रेबल म्हनतेत त्याले. अन् ब हाय, तो छातीवर धप्पकन आदळला का खालचा जास्त. दोन्ही बसले का माईक लागला. तवापासून लग्नात जा का मंडईच्या जत्रेत जा, माईक धरला का मी सुरू, सासूबाई, सासूबाई, सासूबाई. लोक हासत. गावोगावी नावच पडलं, सासूबाई साऊंडवाले. बायको म्हने, माह्या मायले कायले चव्हाट्यावर आनता जी?

माहा पोट्टा दिनेश गिटार वाजवते. आधी त्याच्यापाशी आम्प होता, म्हंजे गिटारचा भोंग्याचा डब्बा, आवाज त्याच्यातून निघे अन् मी पुढं माईक ठेवो, झालं काम. मंग त्यानं गोंदियातून ते प्रोसेसर आनलं, पायानं दाबाचं, दाबलं का गिटारचा आवाज बदलते, कवा रडते, कवा गुरगुरते. दुकानदार म्हने, अंकल, अब आम्प ढोने की जरूरत नहीं, सीधा मिक्सर में लगा दो. लावलं सीधा, आवाज कमीजास्त कराच्या माह्या पेटीत. मले जरा दबलेलंच वाटलं, म्हनून मी ट्रेबल आनखी देल्लं.

अन् नेमकी दिवाळीमांगची मंडई. दुपारची वेळ, झुले लागले, चिवड्याची दुकानं, सामोर गावभरच्या बाया. दिनेशनं तार छेडली अन् काय सांगू तुमाले, सप्प्या बायाईनं कानावर हात ठेवले! एक म्हातारा उठून उभा राहिला, म्हने, अबे, लाकडं कापाचा आरा चालून राहिला का अठी? मी मिक्सरवर बसून पाहून राहिलो का यायले झालं काय, मले त बरोबरच आयकू येऊन राहिलं होतं. मी ओरडलो, जा, कान धुऊन या! तेवढ्यात सून उठली, मनीषा, दिनेशची बायको, वायरी सांभाळाले संगं येत होती, अन् तिनं न इचारता माह्या हाताखालून ट्रेबलचं बटन खाली केलं. माह्या मिक्सरले आजवर कोनाचा हात नोता लागला. बहुत राग आला जी, चारचौघात म्हनलं, मायच्या घरून आनला का वं मिक्सर?

दुसऱ्या दिवशी आंगनात सप्पं मांडलं. दिनेशनं मोबाईलवर पाहून पाहून शोधलं. निघालं असं, का आम्पच्या डब्ब्यातला स्पीकरच बारीक किरकिर गाळून टाकते, चाळनीवानी. सीधा मिक्सरमधी टाकलं का चाळनीच गेली. मंग ते प्रोसेसर स्वतः चाळनीचं काम करते, कॅबिनेट म्हनतेत त्याले, आम्प असन त बंद ठेवाची, मिक्सर असन त चालू कराची. आमची बंद राहून गेल्ली. मी त टाळीच वाजवली, म्हनलं, पाहा, त्या प्रोसेसरची चूक, मी बुढा बरोबर!

मनीषानं प्रोसेसर आपल्या पायाशी ओढलं. मंग हळूच म्हने, मामाजी, मी आता ते चालू-बंद करतो, तुमी फक्त सांगा कवा चालू हाय. दिनेश वाजवे, ती दाबे. चालू, बंद, चालू. मले दोन्ही एकच. अंदाजानं सांगो अन् चुको. मंग तिनं माईक घेतला, माह्याकडं पाठ केली अन् काहीतरी बोलली.

मी म्हनलं, आऊबाई कोन वं?

कोनी हासलं नाही. बायको चहा घेऊन उभी होती, तिच्या हातात कप हालला. वाजला असन बशीवर, मले हाललेलाच दिसला.

तवा समजलं जी. स माह्या कानातून निघून गेल्ला, कवाचा, देव जाने. मी म्हनो तवा मले माहीतच राहे का मी सासूबाई म्हनून राहिलो, म्हनून आयकू आल्यासारखं वाटे. दुसऱ्याचं मी ओठावरून आयको. सप्पा जलम भोंग्यापाशी गेला, त्यानंच कान खाल्ले. डॉक्टरनं तपासलं, म्हने काका, गेले ते बारीक आवाज वापस येत नाहीत, राहिले ते सांभाळा. घरी आलो अन् भाताच्या ताटावर बसून रडलो, खोटं कायले सांगू. ज्या कानानं पोट भरलं तोच फितूर झाला.

आता मिक्सरवर मनीषा बसते. वायरी मीच ओढतो, प्रोसेसरची वायर मिक्सरले मीच लावतो, ते कॅबिनेट चालू हाय का नाही ते त्याच्या काचेवर पाहून घेतो, डोळे अजून धड हायेत. गावात म्हनतेत, सासऱ्याले उठवून सून बसली. म्हनू द्या. राग मलेही येते, तिच्यावर नाही, कोनावर ते समजत नाही. अन् भेव वाटते जी. स गेला, श जाऊन राहिला, मंग कोन जाईन?

परवा मंडईत मनीषा माईकवर म्हने, सासूबाई, सासूबाई. मले आऊबाई, आऊबाई. मी मिक्सरकडं पाहातच नाही आता, बायकोकडं पाहतो. ती सामोरच बसते, बायाईत. तिनं कानावर हात ठेवले त स टोचून राहिला, नाही ठेवले त बसला. नाही ठेवले. पदर सावरला अन् तठूनच जोरानं ओ देल्ला, आली वं माय, आली! सप्पी मंडई हासली.

तो ओ मले आयकू आला. तुमचे कान सलामत राहो बाबू, ते मोबाईलचे बोंडं कानातून काढून ठेवत जा कवा कवा. मी देवाले आता जास्त काही मागत नाही. स नेला त नेला, म्हनतो, बायकोचा ओ तेवढा राहू दे.