महासागराला प्रवेश नाही

...नाही, पण मी म्हणतो फेटा कशाला? प्रवेशाच्या अर्जाला फेटा लागतो का कुठं? तुम्हाला सांगतो, मी मागितली होती तीन पत्रं. साधी. पाकिटात घालून, तोंड चिकटवून. आणि झालं काय, तर... असेल, माझंच चुकत असेल. माझी मागायची पद्धतच चुकली असेल.

आता मला सांगा, उभा जन्म कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर वाटलं, की आपण शिकवलं ते बरोबर होतं का हे एकदा कुणाकडून तरी तपासून घ्यावं, तर त्यात वावगं काय आहे? माझ्या वर्गात कधी कुणी हात वर करून 'सर, हे चूक आहे' म्हणालं नाही. सगळे माना डोलवायचे. इतक्या माना डोलल्यावर कुणालाही शंका येईलच की! म्हणून अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला पत्र घातलं. खाजगी विद्यापीठ, सरकारचं नव्हे. म्हटलं, मला एम.ए.च्या पुढं शिकायचंय, बाकावर बसायचंय, वयाची अट आहे काय? ते म्हणाले, नाही. आमच्या सौभाग्यवती लीलाबाई म्हणाल्या, "अहो, नातवाला शाळेत घालायचं वय झालं, आणि तुम्ही स्वतःच निघालात?" म्हटलं, असेल, माझंच चुकत असेल. पण अर्ज भरला.

अर्जात अट अशी, की ज्यांनी तुम्हाला शिकवलं त्यांची तीन शिफारसपत्रं हवीत. आता माझे एक गुरुजी प्लेगात गेले, दुसरे काशीला गेले ते आलेच नाहीत, आणि तिसरे हयात आहेत, पण मला ओळखत नाहीत. तेव्हाही ओळखत नव्हते म्हणा. तसं कळवलं. विद्यापीठ म्हणालं, मग तुमचं काम जवळून पाहिलेलं कुणीही चालेल. फक्त पत्र अर्जदारानं पाहायचं नाही, आणि पत्राच्या छापील नमुन्यात एक प्रश्न होता... तुम्हाला सांगतो, तो वाचून मला भरून आलं... 'अर्जदाराचे दोष काय?' अहो, हेच तर हवं होतं मला!

माझं काम जवळून कुणी पाहिलं? विद्यार्थ्यांनी! म्हणून गेलो हंबीररावकडं. माझा जुना विद्यार्थी, आता नावाजलेला वकील, आवाज असा की कोर्टात बोलला तर बिंदू चौकातली माणसं वळून बघतात. त्याला सगळं सांगितलं. तो ताडकन उठला आणि माझे पायच धरले!

"काय बोलताय सर! आमी तुमची शिफारस करायची? पोरानं बापाच्या पाठीवर शाबासकी द्यायची व्हय?"

म्हटलं, "अरे, रीत आहे त्यांची."

"आन् दोष लिवा म्हणत्यात? जीभ झडंल न्हवं माझी!"

"हंबीरराव, जिभेनं नाही लिहायचं, पेनानं लिहायचं."

"तुमी गप बसा सर. आमी बघतो की!"

हे 'बघतो की' ऐकून मी तिथंच शहाणं व्हायला हवं होतं. कोल्हापुरात माणूस 'बघतो की' म्हणाला, की पुढचं आपल्या हातात राहत नाही.

पंधरवड्यानं मला न्यायला जीप आली. कॉलेजच्या हॉलात माणसं मावेनात. फेटा, श्रीफळ, गळ्यात हार, आणि तीन शिफारसपत्रांऐवजी... एक मानपत्र! जरीच्या किनारीचं, काचेत बसवलेलं, चंदनी चौकटीचं. अर्जदारानं पाहायचं नाही अशी अट, आणि मला खुर्चीवर समोर बसवून लाउडस्पीकरवर वाचलं! 'विद्येचे महासागर! बुद्धीचे सूर्य! करवीरनगरीचे भूषण!' मी आपले डोळे गच्च मिटून घेतले. अट पाळायला हो! तर मागून कुणीतरी म्हणालं, "सर लई भारावल्यात." शेवटी दोषांचा रकाना आला. मी मिटल्या डोळ्यांनी कान टवकारले. 'दोष एकच, आपली थोरवी सरांना ठाऊक नाही.' टाळ्या! मी उठून सांगायचा प्रयत्न केला, की बाबांनो, काहीतरी खरं लिहा, मला पटकन उत्तर सुचत नाही, मी प्रश्न विचारणाऱ्याला घाबरतो... तर म्हणाले, काय विनय! आणखी टाळ्या. असेल, माझंच चुकत असेल.

ते मानपत्र गारगोटीचे हेडमास्तर आकाराम, तेही माझेच विद्यार्थी, त्यांनी इंग्रजीत उतरवलं. शब्द न् शब्द उतरवला. एकही विशेषण गाळलं नाही. मग चौकटीसकट गोणपाटात शिवून बोटीनं रवाना केलं.

आता मला सांगा, विद्यापीठानं काय करावं? गेल्या आठवड्यात उत्तर आलं. फार सभ्य पत्र. 'मानपत्र पोचलं, आमच्या ग्रंथालयात लावलं आहे, सगळे थांबून बघतात. परंतु विद्येच्या महासागराला विद्यार्थ्यांच्या बाकावर बसवणं समितीला प्रशस्त वाटत नाही. आपल्याला शिकवू शकेल असं आमच्याकडं कुणी नाही. सबब प्रवेश देता येत नाही.'

म्हणजे बघा, सातासमुद्रापलीकडंही माझ्या वहीवर लाल रेघ ओढायला कुणी मिळेना! दोन दिवस जेवण गेलं नाही. मग म्हटलं, निदान हंबीररावला दाखवू, त्याला कळेल त्यानं काय केलंय ते. त्यानं पत्र वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, कळलं. तर मांडीवर थाप मारून ओरडला,

"सर! अमेरिकेनं हात टेकलं की!"

परवा सत्कार आहे. प्रवेश नाकारल्याबद्दल. जीप ठरलीय, फेट्याचा रंग ठरलाय. सत्कारमूर्तीच्या तोलाचा अध्यक्ष गावात मिळेना, म्हणून अध्यक्षही मीच. अध्यक्षांनी सत्कारमूर्तीबद्दल चार शब्द बोलायचेत. मी म्हटलं, "हंबीरराव, मग निदान मी तरी त्यांचे दोष सांगू का?"

त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "सांगा की सर. तुमचा अधिकार हाय. पर जपून सांगा, सरांस्नी वाईट वाटाय नको."

मी बरं म्हणालो.