डिनर कधी?

उत्तर इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या, पिशवीवाली बेरिल आणि तिची मैत्रीण नोरीन.

“काय गं बेरिल, आला का होणारा जावई रविवारी?”

“आला. संध्याकाळी सात वाजता.”

“अगं, तू डिनरला बोलावलं होतंस ना?”

“तेच तर. बारापासून ताटं मांडून बसले मी. बीफ वातड झालं, फुगलेलं पुडिंग खाली बसलं. आमचे हे तर जेवून झोपलेसुद्धा.”

“कुठला म्हणालीस तो?”

“लंडनकडचा. त्यांच्यात डिनर रात्री असतं म्हणे.”

“मग दुपारी काय खातात?”

“लंच.”

“अगं बाई. हे तुझ्या लेकीने आधी सांगू नये?”

“ती म्हणते, चूक माझीच. लग्न मोडलं तर तुझ्यामुळे, म्हणाली. त्याला म्हटलं, डिनर तर हुकलं, आता टी तरी घे.”

“मग?”

“म्हणाला, अर्धा कपच द्या. मी आपलं संध्याकाळच्या टीचं ताट पुढे ठेवलं, मासा, वाटाणे आणि चिप्स.”

“खाल्लं?”

“मुकाट्याने. पण नंतर नऊ वाजले तरी टेबलावरून हलेना.”

“का गं?”

“डिनरची वाट बघत होता.”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, बाबा रे, ते आता उद्या बाराला.”

“पळाला असेल बिचारा.”

“कसला पळतोय. राहिला. आज बुधवार ना? पाच वाजले की तोच विचारतो, टीला काय आहे?”