हेडविगबाईंची फुली

मंडळी, एक विचारतो. ज्या हातानं आपल्या ताटात वाढलं, त्याच हातानं घरातला मुलगा उचलून नेला — तर त्या हाताला नमस्कार करायचा, की शाप द्यायचा? उत्तराची घाई नको. आधी हेडविगबाईंचं ऐका.

आज जायचंय युरोपात. थंडी फार, उपरणी घट्ट धरा! आणि हे राज्य नकाशात शोधू नका, ते आख्यानातलं आहे.

तिथं जमीनदाराच्या परवानगीशिवाय कुळांना लग्न करता येत नसे. हेडविग आणि लोरेन्झ विणकर नऊ वर्षं परवानगी मागत राहिले. जमीनदार म्हणे, पुढच्या सुगीला बघू. नऊ वर्षं! आपल्याकडे मुहूर्त दोन महिने लांबला तर गुरुजींचा फोन तापतो.

मग गादीवर एक सेनापती आला. तलवारीचा माणूस — पण पहिला कायदा काय केला? लग्नाला कुणाची परवानगी नको. त्याच आठवड्यात दोघांचं लग्न लागलं. मुलगा झाला, योस्ट. लोरेन्झ लवकर गेला, पण बाईंनी योस्टला वाढवलं. शेजारच्या पोरक्या ओटिलीशी त्याचं लग्नही ठरलं.

आणि त्याच राजाची लढाई निघाली. घरटी एक शिपाई, एकुलता असला तरी! योस्ट गेला. बर्फात कुठंतरी पडला. घरी आला तो नुसता निरोप — माती द्यायला देहसुद्धा नाही. त्या दिवसापासून हेडविगबाई रोज राजाला शाप देत. सूत कातताना, चूल पेटवताना.

पुढं राजा हरला, हद्दपार झाला. जमीनदाराला लग्नाच्या परवानगीचा जुना रिवाज परत हवा होता. पण गावानं तो आपणहून मागितला, असं दाखवायचं होतं. चर्चच्या अंगणात अर्ज मांडला. लिहिता न येणाऱ्यांनी सहीऐवजी फुली मारायची. पहिली फुली कुणाची? मुलगा गमावलेल्या आईची.

जमीनदाराचा कारभारी हळूच म्हणाला, "बाई, त्यानं तुमचा योस्ट खाल्ला. त्याचा कायदा कशाला सांभाळता?"

बाईंनी लेखणी घेतली. त्यांना खरंच फुली मारायची होती, मंडळी. हात कागदापर्यंत गेला. पण रांगेत मागं ओटिली उभी होती. एका सुताराशी तिची नवी सोयरीक जुळली होती. ती खाली बघत राहिली.

बाईंनी लेखणी ठेवली. "राजाला मी मरेपर्यंत शाप देईन," त्या म्हणाल्या. "पण मी नऊ वर्षं थांबलेय. या पोरीला थांबवणार नाही."

मागची माणसंही एकेक करून निघून गेली. अर्ज कोरा राहिला. जमीनदारानं बाईंचं झोपडं तेवढं काढून घेतलं. ओटिलीच्या लग्नात आई म्हणून हेडविगबाईच उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाढलं, आणि मग गोठ्यामागं जाऊन तोंड दाबून रडल्या. सुताराच्या जागी कोण असायचं, ते त्यांनाच ठाऊक!

त्यांनी राजाला माफ केलं? नाही. त्याची पूजा केली? तीही नाही. आपण थोर माणसाचा एक तर पुतळा उभारतो, नाहीतर फोडतो. त्यानं दिलेलं रांगेत मागं उभ्या असलेल्या मुलीपर्यंत पोचवायचं, तेवढं राहून जातं. तुमच्यापैकी किती जणांनी लेकीला विचारलं — बाळ, हा मुलगा तुला पसंत आहे का?

मीही माझ्या थोरलीला विचारलं नव्हतं. ती समोर बायकांत बसलीय, आणि आता देवाचं नाव घ्यायच्या आधी तिला हात जोडतो.