शुक्रवारच्या चाचणीनंतर

मंडळी, तुम्ही एवढे जण आलात. सावंत डॉक्टरांबद्दल बोलायला मला उभं केलंत. मी त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधला मदतनीस. बोलणं माझं काम नव्हे.

तुम्हाला ते यंत्र आठवत असेल. मूतखड्याचे सर्जन मुंबईत बसून फोनच्या लाइनवरून ते चालवणार, आणि इथला यांत्रिक हात पेशंटच्या पाठीतून मूत्रपिंडात सुई घालणार. पण आधी चाचण्या. जेलीत बसवलेल्या नकली मूत्रपिंडावर.

मिरकरवाड्याचे युसुफचाचा पहिले पेशंट ठरले होते. चाची अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सोडून चाचांना मुंबईला जायचं नव्हतं. रोज येऊन विचारायचे, "काय डॉक्टर, जेलीचाच गुर्दा टोचत बसणार काय?"

डॉक्टर म्हणायचे, "जेली ओरडत नाही, चाचा. तुम्ही ओरडाल."

सकाळच्या सगळ्या चाचण्या नीट झाल्या. मुंबईचे लोक म्हणाले, झालं, आता पेशंट घ्या. डॉक्टर म्हणाले, नाही. एक चाचणी शुक्रवारी दुपारी. का? तर जुम्म्याची नमाज झाली की आखातातून आपल्याकडे घरोघरी फोन येतात. तेव्हा लाइन टिकते का, पाहू.

नाही टिकली. सुई अर्ध्यावर असताना लाइन तुटली. हात तिथंच थिजला. पुन्हा फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. शेवटी डॉक्टरांनी स्वतः सुई काढली.

मी म्हटलं, "सकाळीच करू ना, डॉक्टर."

"लाइन सकाळीही तुटू शकते. शुक्रवारनं फक्त दाखवून दिलं."

बाहेर येऊन त्यांनी चाचांना सांगितलं, "मुंबईला जा."

चाचा गेले. बरे झाले. पण ते तिकडे असतानाच इथं चाची गेल्या. त्यानंतर चाचा डॉक्टरांशी बोलले नाहीत. आणि डॉक्टर तरी कुठल्या चुकीची माफी मागणार होते? एकदा हात धुताना मला म्हणाले, "निर्णय बरोबर होता रे. पण चाची एकट्याच गेल्या." नळ तसाच वाहत राहिला.

मंडळी, काल चाचांनी डॉक्टरांना खांदा दिला. वाटेत मी म्हटलं, "चाचा, दमलात. द्या इकडे."

म्हणाले, "राहू दे. एवढं तरी."

हे डॉक्टरांच्या कानावर पडायला हवं होतं. देवाच्या मनात नव्हतं.

आता उभे राहू या. ज्यानं त्यानं आपल्या देवाचं नाव मनात घ्यावं. चाचा, मागे नका थांबू. इथं, पुढे या.